शब्दकोड्यातील उपसर्ग

तीन-चार शब्द पुढे ठेवावेत आणि त्या सर्वांच्या आधी बसेल असा एकच उपसर्ग शोधावयास सांगावे, असा शब्दकोड्यांचा एक प्रकार आहे. न्यूयॉर्क टाइम्सने २०२३ साली ‘कनेक्शन्स’ नावाचे जे दैनिक कोडे सुरू केले, त्यातही १६ शब्दांचे ४ गट पाडताना पुष्कळदा हीच युक्ती कामी येते. मराठीत हा खेळ अधिक रंगावा, कारण संस्कृत व्याकरणाने मोजलेले २२ उपसर्ग आपल्या घरी आहेतच; शिवाय फारसीने बे, गैर, ना यांची भर घातली आहे.

मोहगावी अर्धनारीश्वराच्या दर्शनानंतर मंडळी कोडी घेऊन बसतात, तेव्हा आम्हीही डोकावतो. ‘वास, कार, हार’ म्हटले की ‘उप’ सुचतो. येथे हिंदी व मराठी एकाच ओट्यावर नांदतात. हिंदीभाषक शेजारी ‘उपहार’ म्हणजे भेटवस्तू समजतो, आणि आम्हांस फराळ आठवतो. वास्तविक फराळाचा तो उपाहार. पण पाट्या रंगविणाऱ्यांनी आहाराचा ‘आ’ केव्हाच खाऊन टाकला आहे!

चांगले कोडे ज्ञान देऊन जाते. ‘इमान, हिशेब, दाणा’ यांचे उत्तर ‘बे’. प्रसादाच्या शिऱ्यात आपण जन्मभर बेदाणे खाल्ले. पण बे-दाणा म्हणजे बी नसलेला, हे त्या कोड्याने सांगितले. उलट, एकदा ‘वास, विचार, तार’ असे शब्द देऊन उत्तर ‘सु’ छापलेले आम्ही पाहिले. सुवास आणि सुविचार ठीक. पण सुतार हा सूत्रधारापासून झालेला शब्द, त्याचा चांगल्या तारेशी संबंध काय? आद्याक्षर जुळले म्हणून नाते शाबीत होत नाही. आडनाव एक असल्याने कोणी वारस ठरू लागला, तर दिवाणी न्यायालये ओस पडतील. तोडलेले दोन्ही तुकडे आपापल्या अर्थाने उभे राहिले पाहिजेत, एवढा नियम कोडेकारांनी पाळावा.

कित्येकदा अडचण उलटी असते. ‘अभिषेक’ यातील ‘षेक’ असा सुटा शब्द नाही. शिंपडणे या अर्थाचा सिच् धातू, त्यापासून सेक. आणि ‘अभि’च्या इकारामुळे स चा ष झाला. निषेधाचेही तसेच. असे अस्सल उपसर्ग कोड्यांत क्वचित येतात आणि सुतार मात्र सहज शिरतो, याचे आम्हांस वाईट वाटते.

आता कोणी ‘चंद्र, विराम, नारीश्वर’ असे मांडले, तर मोहगावचे पोरही ‘अर्ध’ म्हणेल. अर्ध हा त्या २२ मधला नव्हे, ते समासातील पूर्वपद आहे. तरी हे कोडे आम्ही मान्य करू. तिन्ही ठिकाणी अर्धे ते अर्धेच राहते. सुताराच्या कोड्यास मात्र अर्धचंद्रच द्यावा लागेल.