'आदिवासी' ही संज्ञा आणि आप्तभावाची कसोटी : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : आदिवासी, मूलनिवासी, अनुसूचित जमाती, आप्तभाव, स्वओळख

प्रस्तावना

'आदिवासी कोणाला म्हणावे?' हा प्रश्न वरवर पाहता शब्दकोशातला वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या उत्तरावर जमिनीचा हक्क, शिक्षणातील प्रवेश, नोकरी आणि एका समूहाची प्रतिष्ठा अवलंबून असते. हे उत्तर आजवर बहुधा इतरांनीच दिले. प्रशासनाने यादी केली, समाजशास्त्राने लक्षणे सांगितली आणि मराठी समीक्षेनेही आपल्या परीने एक साचा तयार केला. या साच्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संज्ञेची घडण

'आदिवासी' हा शब्द संस्कृत घटकांपासून बनलेला आहे. तो कोणत्याही आदिवासी भाषेतून आलेला नाही. गोंड स्वतःला कोयतूर म्हणतात. 'कोरकू' या नावाचा अर्थच 'माणसे' असा होतो. या समूहांनी स्वतःला दिलेल्या नावांत 'पहिले' किंवा 'मूळचे' असण्याचा दावा नाही, माणूस असण्याचा आहे. 'आदिवासी' ही सामूहिक राजकीय ओळख म्हणून १९३० च्या दशकात छोटा नागपूरच्या परिसरात बळावली. १९३८ मध्ये स्थापन झालेली आदिवासी महासभा आणि पुढील वर्षापासून तिला लाभलेले जयपालसिंग मुंडा यांचे नेतृत्व हे त्यातील महत्त्वाचे टप्पे होत.

याच काळात विद्वानांमध्ये वाद सुरू होता. व्हेरियर एल्विन यांनी आदिवासींच्या स्वायत्त जीवनाच्या रक्षणाचा आग्रह धरला, तर डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या ग्रंथात 'मूळचे रहिवासी' ही कल्पनाच अमान्य करून या समूहांना 'मागासलेले हिंदू' ठरविले. दोन्ही भूमिका परस्परविरोधी असल्या तरी त्यांत एक साम्य आहे. आदिवासी कोण, हे ठरविणारा दोन्हीकडे आदिवासी नाही.

संविधान सभेत जयपालसिंग यांनी 'जंगली' हे हिणवणारे विशेषण अभिमानाने स्वीकारले आणि 'आदिवासी' या शब्दाचा आग्रह धरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये त्यावर दिलेले स्पष्टीकरण कायद्याच्या अंगाने रास्त होते : 'आदिवासी' ही सर्वसाधारण संज्ञा असून तिला निश्चित कायदेशीर अर्थ नाही, 'अनुसूचित जमाती' या संज्ञेला यादीमुळे तो प्राप्त होतो. संविधानाच्या अनुच्छेद ३४२ ने यादीची पद्धत दिली, व्याख्या मात्र दिली नाही. ती पोकळी १९६५ च्या लोकूर समितीच्या पाच निकषांनी भरून काढली : आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगता, इतरांशी संपर्काचा संकोच आणि मागासलेपण. हे निकष बारकाईने पाहिले तर वेगळी संस्कृती वगळता उरलेले चारही निकष अभावाचे आहेत. शिक्षणाने आणि संपर्काने ते पुसले जाणार, हे उघड आहे. म्हणजे ज्या विकासासाठी ही यादी, तोच विकास ओळखीच्या विरोधातील पुरावा ठरतो.

'प्रथम कोण आले?' या प्रश्नाची मर्यादा

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५७ च्या करार क्र. १०७ ला भारताने १९५८ मध्ये मान्यता दिली. १९८९ च्या करार क्र. १६९ ला मात्र दिलेली नाही. या दुसऱ्या कराराने स्वओळख हा मूलभूत निकष मानला आहे. संयुक्त राष्ट्रांचा मूलनिवासी लोकांच्या हक्कांविषयीचा जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ रोजी १४४ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. भारताने अनुकूल मत दिले. परंतु स्वातंत्र्यानंतर भारतातील सर्वच जनता मूलनिवासी आहे, अशी भूमिकाही घेतली. सर्वच मूलनिवासी असतील तर त्या हक्कांचा विशेष धारक कोणीही उरत नाही.

ऑस्ट्रेलिया वा अमेरिकेत वसाहतकाराच्या आगमनाची सीमारेषा स्पष्ट आहे. भारतात हजारो वर्षांची स्थलांतरे आणि संमिश्रता आहे. महाराष्ट्रात तर 'मूलनिवासी' हा शब्द बहुजन चळवळीत व्यापक अर्थाने, दलित आणि इतर मागासवर्गीयांसह वापरला जातो. म्हणून 'प्रथम कोण आले?' या प्रश्नावर आदिवासीत्व उभे करणे धोक्याचे आहे. 'आदि' हा शब्द कालवाचक मानण्यापेक्षा संबंधवाचक मानावा : भूमी, जंगल आणि स्वशासन यांच्याशी असलेला आणि बाहेरच्या सत्तेने तोडलेला संबंध.

आप्तभावाची कसोटी

१९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जमातीच्या दाव्यांच्या पडताळणीची पद्धत घालून दिली. दक्षता पथकाने रूढी, देवदेवता, विवाहविधी, अंत्यविधी यांची माहिती तपासावी, असे त्यात होते. पडताळणी समित्यांच्या परिभाषेत हीच 'आप्तभाव चाचणी'. तिच्यामागील कारण खरे होते. खोट्या प्रमाणपत्रांनी आदिवासींच्या जागा हिरावल्या गेल्या आणि त्याचे नुकसान आदिवासींनीच सोसले. परंतु शहरात वाढलेल्या, देवदेवतांची नावे सांगता न येणाऱ्या खऱ्या आदिवासी तरुणालाही हीच चाचणी संशयित ठरवू शकते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, महाराष्ट्रातीलच प्रकरणात, आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी नाही, असे स्पष्ट केले.

स्वओळख मान्य केल्यास कोणीही दावा करील, हा आक्षेप येथे विचारात घ्यावा लागतो. त्याचे उत्तर २००७ च्या जाहीरनाम्यातच आहे. अनुच्छेद ३३ आपली ओळख आणि सदस्यत्व ठरविण्याचा अधिकार लोकसमूहाला देतो. स्वओळख म्हणजे एकट्या व्यक्तीचे प्रतिज्ञापत्र नव्हे, तर समूहाने दिलेली मान्यता होय.

साहित्यातील आप्तभाव चाचणी

मराठी समीक्षाही नकळत अशीच चाचणी घेत आली आहे. आदिवासी कवितेत जंगल, मोह, ढोल आणि नृत्य सापडले की ती 'अस्सल'. तीत कार्यालय, विद्यापीठ किंवा विचारप्रणाली आली की ती 'प्रचारकी' किंवा 'दलित कवितेची छाया'. हे लोकूर समितीच्या निकषांचे वाङ्मयीन रूप होय.

भुजंग मेश्राम यांच्या 'उलगुलान' या संग्रहाचे शीर्षक या संदर्भात अर्थपूर्ण आहे. विदर्भातील गोंड कवी आपल्या मराठी कवितेला बिरसा मुंडांच्या उठावाचा मुंडारी शब्द देतो. रूढींचा आप्तभाव तपासणाऱ्याला येथे काहीच सापडणार नाही. तरीही आदिवासीत्व येथे ठामपणे उभे आहे, कारण ते संघर्षाच्या नात्यातून निवडलेले आहे. वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने मांडते. ज्यांच्या नावाने मंच उभा राहतो तेच खाली राहतात आणि त्यांच्या दुःखाची ओळख त्यांना मंचावरून करून दिली जाते. व्याख्येच्या सत्तेचे इतके अचूक निदान समाजशास्त्रीय लेखनातही क्वचित आढळते.

निष्कर्ष

'वनवासी', 'गिरिजन', 'आदिम' ही नावे आदिवासीला एका जागी किंवा एका काळात थांबवितात. २००६ मध्ये 'आदिम जमाती समूह' हे शासकीय नामाभिधान बदलले गेले, हे स्वागतार्ह आहे. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांच्या नावामागचा तो शिक्का कागदावरून तरी गेला. मात्र दृष्टी बदलल्याशिवाय शब्दबदल अपुरा राहतो. पडताळणीत १९५० पूर्वीच्या कागदपत्रांना आणि समूहाच्या मान्यतेला अग्रस्थान असावे. अभ्यासक्रमात आदिवासी साहित्य लोककलेचे परिशिष्ट म्हणून न शिकविता वैचारिक साहित्य म्हणून शिकविले जावे. यांपैकी पहिली गोष्ट शासनाच्या हाती आहे. दुसरी अभ्यासमंडळांत बसणाऱ्या आपल्यासारख्या अध्यापकांच्या.