कॅमेरा बंदुकीच्या कोणत्या बाजूला आहे?

व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास दिसणारं एक स्टेटस आठवा. पांढरा शर्ट, काळा गॉगल, स्कॉर्पिओचं उघडं दार, कमरेला पिस्तूल आणि मागे कुठल्यातरी सिनेमातला डायलॉग. पंधरा सेकंदांत खेळ खलास. जालन्यात माझ्या ओळखीच्या बऱ्याच पोरांनी असली स्टेटसं ठेवली आहेत. त्यातल्या बहुतेकांनी खरी बंदूक हातातही धरलेली नाही, परवाना तर लांबची गोष्ट. तरी क्लिप ठेवावीशी वाटते, कारण ती बघताना आपण बंदूकवाल्याच्या शेजारी उभे असतो. समोर कोण आहे, ते क्लिपमध्ये दिसतच नाही.

माणसानं चारचौघांत उघडपणे बंदूक बाळगावी का, या प्रश्नावर आपण बहुतेकदा सुरक्षेच्या अंगानं भांडतो. मला तो बघण्याच्या अंगानं विचारायचा आहे. उघडी बंदूक दिसण्यासाठीच असते. मग ती दाखवणारा सिनेमा आपल्याला कुठे उभं करतो?

आपल्या कायद्याला बंदुकीचं हे दिसणं बरोबर कळलेलं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकानंही सार्वजनिक ठिकाणी बंदूक म्यानात किंवा पिशवीत नीट ठेवूनच न्यायची असते. ती परजायला, रोखायला मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या आणि लग्नात-वरातीत बेफिकीरपणे गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. सण, मोर्चे, निवडणुका आल्या की कलम ३७ चा आदेश निघतो आणि त्यात शस्त्रांबरोबर लाठ्याकाठ्याही येतात. कायदा म्हणतो, तुझ्या जिवाला धोका असेल तर बंदूक ठेव, पण मिरवू नकोस. अमेरिकेत टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय कमरेला पिस्तूल लावून फिरता येतं. आपल्याकडे तशी मुभा नाही. मुभा नसताना मिरवायची हौस मात्र आहे, आणि ती भागवायचं बरंचसं काम सिनेमा करतो.

प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) घ्या. गोष्ट जमिनीची आहे. पुण्याच्या कडेचा शेतकरी जमीन विकतो, पैसा उडून जातो, बाप वॉचमनकी करतो आणि पोरगा राहुल गुन्हेगारीत शिरतो. मोहन जोशींनी केलेला बाप बघताना पोटात कालवतं. समृद्धी महामार्ग, ड्रायपोर्ट, मोबदल्याचे चेक आणि त्यातून दारात आलेल्या गाड्या आम्ही जालनेकरांनीही पाहिल्यात, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला परकी वाटत नाही. या रस्त्याचा शेवट मरणात आहे, हेही सिनेमा स्पष्ट सांगतो.

पण गोष्ट एक सांगते आणि कॅमेरा दुसरंच. राहुल गॅंगमध्ये वर चढतो तसा कॅमेरा खाली बसून त्याच्याकडे मान वर करून बघतो. चाल संथ होते, ढोल वाढतो, हत्यारांना चकाकी येते. सिनेमा अख्खा बघणाऱ्याला शेवटी बाप आठवतो. मोबाइलवर मात्र सिनेमा तुकड्यानं येतो. तुकडा कापला की जमीन गळते, बाप गळतो, मरण गळतं. चाल तेवढी उरते. दिग्दर्शकाचा हेतू चांगला होता, यावर माझा विश्वास आहे. पण जो तुकडा इतक्या सहज कापून निघतो, तो मुळातच सैल शिवलेला होता, ही माझी तक्रार आहे.

याच्याशेजारी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) ठेवून बघा. त्यातही बंदूक आहे. परश्या आणि त्याचे मित्र मार खात असताना आर्चीच्या हातात पिस्तूल येतं, ती गोळी झाडते आणि मारणारे मागे हटतात. थेटरात इथे शिट्ट्या पडल्या होत्या. पण त्या पिस्तुलाला वजन कशानं येतं? समोरचे तिच्या बापाचीच माणसं आहेत आणि ती पाटलाची लेक आहे. तेच पिस्तूल मासेमारी करणाऱ्या घरातल्या परश्यानं उचललं असतं, तर ते पुढच्या पाच मिनिटांत त्याच्याविरुद्धचा पुरावा झालं असतं. हत्यार एकच, पण धरणारा हात कुणाचा यावर त्याला हिंमत म्हणायचं की गुन्हा, हे ठरतं.

शेवटी आर्ची आणि परश्याला मारायला येणारे कुठलंच हत्यार परजत येत नाहीत. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो. खून आपल्याला दिसत नाही, आवाजसुद्धा काढून घेतलेला आहे. दिसतं ते लहान पोर आणि त्याच्या पावलांचे ठसे. मंजुळे आपल्याला उचलून दुसऱ्या बाजूला, मरणाऱ्याच्या घरात नेऊन ठेवतात. त्या शेवटाचं स्टेटस ठेवलेलं मी तरी कुणाच्या मोबाइलवर पाहिलेलं नाही.

आता गोदावरीपलीकडे, आमच्या शेजारच्या बीडकडे बघू. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून मारहाणीत खून झाला. त्यानंतर बीडमधल्या पिस्तूल नाचवणाऱ्यांचे, हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ एकामागून एक बाहेर आले. जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्रपरवाने असल्याच्या बातम्या आल्या आणि प्रशासनानं ते तपासून रद्द करायला सुरुवात केली. देशमुखांचा जीव बंदुकीनं घेतला नव्हता. मग त्या व्हिडिओंनी लोक इतके का हादरले? कारण चारचौघांत नाचवलेलं पिस्तूल गोळी न झाडताही काम करत असतं. साक्ष कुणी द्यायची, तक्रार कुणी मागे घ्यायची, टेंडर कुणी भरायचं नाही, हे ते न बोलता सांगतं.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. गुंडांकडे हत्यारं आहेतच, मग साध्या माणसाला का नको? पोलीस वेळेवर येत नाहीत, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण २ फेब्रुवारी २०२४ ची रात्र आठवा. उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात आमदार गणपत गायकवाड यांनी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि स्वसंरक्षणासाठी झाडल्या, असं माध्यमांना सांगितलं. ठाण्याइतकी हत्यारबंद जागा गावात दुसरी नसते. तिथेही आजूबाजूच्या बंदुकांनी पहिली गोळी अडली नाही.

आणि सगळ्यांना मुभा दिली, तरी ती सगळ्यांना पुरते का? २ मे १९६७ ला ब्लॅक पॅंथर पक्षाचे कृष्णवर्णीय कार्यकर्ते बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले. बंदूक उघडपणे बाळगणं तिथे तेव्हा कायदेशीर होतं. त्याच वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी भरलेल्या बंदुका सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. ‘नको त्या’ हातात दिसताच मुभा संपली. आपल्याकडे १८७८ च्या शस्त्र कायद्यात भारतीयांना परवाना लागे, युरोपियनांना सूट होती. आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात, म्हणजे जालन्यासकट सगळ्या मराठवाड्यात, रझाकार हत्यारं घेऊन उघड फिरत होते. सत्तेची ना नव्हती, म्हणूनच फिरत होते. इथल्या घरांमध्ये त्या काळाच्या आठवणी अजून निघतात. त्यात रझाकाराची ऐट कुणी सांगत नाही. लावलेली दारं, विझवलेले दिवे, शेतात काढलेल्या रात्री सांगतात. आमच्याकडच्या तोंडी गोष्टी कायम बंदुकीच्या समोरच्या बाजूनं सांगितल्या गेल्या.

म्हणून माझं उत्तर ‘नको’ असं आहे, आणि सिनेमाकडेही मी तेच मागतो. पडद्यावर बंदूक दाखवू नका, असं मी म्हणत नाही. ती रोखली जाते तेव्हा कॅमेरा निदान एकदा तरी वळून समोरच्याकडे जाऊ दे. गांधी चमनला भाजीची पिशवी घेऊन उभा असलेला, पिस्तूल दिसताच नजर खाली घालून रस्ता बदलणारा माणूस फ्रेममध्ये येऊ दे. पंधरा सेकंदांच्या त्या क्लिपमध्ये त्याला जागा नाही. तो फ्रेममध्ये आला की क्लिपमधली ऐट टिकते का, हे पुढचा सिनेमा बघताना तुम्हीच तपासा.