‘जीवनदृष्टी’ हा शब्द सिनॉप्सिसमध्ये लिहिण्यापूर्वी

हल्ली सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘प्रस्तुत संशोधनात अमुक समाजाच्या जीवनदृष्टीचा अभ्यास करण्यात येईल.’ माझ्याही होतं. मी ‘ख्रिस्ती जीवनदृष्टी’ असं लिहिलं होतं. गाइडनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि एवढंच विचारलं, “ही नेमकी कुठं ठेवलेली असते?” मला उत्तर सुचलं नाही. अख्खं प्रकरण परत लिहावं लागलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी शब्दाकडे बघू. इंग्रजीतला ‘वर्ल्डव्ह्यू’ हा जर्मन ‘वेल्टआन्शाउउंग’चा अनुवाद. कान्टने 1790 मध्ये तो जाता जाता वापरला, पुढे जर्मन तत्त्वज्ञांनी त्याचं मोठं प्रकरण केलं. ख्रिस्ती विचारात तो मुख्यतः दोघांनी आणला: स्कॉटलंडचे जेम्स ऑर, ज्यांचं पुस्तक 1893 मध्ये आलं, आणि हॉलंडचे अब्राहम कायपर, ज्यांनी 1898 मध्ये प्रिन्स्टनला व्याख्यानं दिली. दोघांची अडचण एकच होती. विज्ञान आणि नवी टीका ख्रिस्ती धर्मावर एकेका मुद्द्यावर हल्ला करत होती, आणि एकेक मुद्दा वाचवत बसणं कठीण झालं होतं. म्हणून ते म्हणाले, श्रद्धा म्हणजे सुट्या मतांची पिशवी नाही, ती जगाकडे पाहण्याची एक अखंड रीत आहे.

ती रीत साधारण अशी. जग कुणीतरी निर्माण केलं, म्हणून ते स्वतः देव नाही आणि मायाही नाही. ते खरं आहे आणि मुळात चांगलं आहे. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला, म्हणून प्रत्येकाला किंमत आहे. बिघाड अज्ञानामुळे झालेला नाही, आज्ञाभंगामुळे झाला, म्हणून उपाय ज्ञानाचा नाही, क्षमेचा आहे, आणि ती क्षमा कमवायची नसते, मिळते. काळ फिरून फिरून येत नाही, तो एका शेवटाकडे चाललाय. कर्म, पुनर्जन्म, मोक्ष ही आपल्या कानावर रुळलेली चौकट याच्या शेजारी ठेवून बघा, म्हणजे फरक कुठं पडतो ते कळेल. एखाद्याला दुःख का झालं, या प्रश्नाचं उत्तरच दोन्हीकडे वेगळ्या दिशेने सुरू होतं.

इथपर्यंत सगळं ठीक. अडचण पुढे आहे. जेम्स सायर या अमेरिकन लेखकाने 1976 च्या पुस्तकात जीवनदृष्टी म्हणजे काही मूलभूत प्रश्नांची उत्तरं, असं मांडलं. आपण विद्यार्थी त्यावरच तुटून पडतो, कारण त्यावरून प्रश्नावली झटकन तयार होते. आठ प्रश्न, आठ रकाने, झालं. पण खुद्द सायरलाच पुढे ते अपुरं वाटलं. 2004 मध्ये त्याने व्याख्या बदलली आणि जीवनदृष्टी ही आधी मनाची बांधिलकी आहे, असं म्हटलं. आपल्या सिनॉप्सिसमध्ये मात्र अजून 1976 चाच सायर असतो.

आता हे आपल्या मातीत तपासू. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले. त्या गाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांची गाठ पडली आणि त्याने त्यांना नवा करार दिला. ही लाइन आपल्या गोंदियावरूनच जाते. मी प्रतापगडहून विद्यापीठात जायला निघाले की गोंदियाच्या फलाटावर दर वेळी ते आठवतं. (ऑर यांचं पुस्तकही त्याच वर्षीचं. योगायोगच, यावरून काही सिद्ध होत नाही.) डोंगरावरील प्रवचनाने टिळक हलले आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

जे. सी. विन्स्लो यांनी 1923 मध्ये टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. ते वाचलं की वाटतं, एक दृष्टी गेली आणि दुसरी आली. पण त्याच चरित्रातले तपशील वेगळं सांगतात. जातिभेदाची चीड टिळकांना आधीपासून होती, देशाला नवा धर्म हवा हा विचारही ते आधीच करत होते. म्हणजे प्रश्न जुने होते, उत्तर नवं सापडलं. आणि उत्तर सापडल्यावर त्यांनी काय केलं? अभंग लिहिले, कीर्तन केलं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. शेवटी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. आठ रकान्यांची प्रश्नावली टिळकांपुढे ठेवली असती तर बहुतेक रकान्यांत त्यांनी पक्की ख्रिस्ती उत्तरं भरली असती, आणि माणूस आपल्या हातून निसटला असता.

लक्ष्मीबाईंची गोष्ट तर आणखी अवघड. ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही शाळेत तुकड्यात वाचलं असेल, आता पूर्ण वाचा. ज्या मुलीच्या बापाचं सोवळं घरादाराला जाच होण्याइतकं कडक होतं, तिचा नवरा एक दिवस ख्रिस्ती होतो. ती काही वर्षं वेगळी राहते. परत आल्यावरही स्वतःचं खाणंपिणं सांभाळते. तिची दृष्टी बदलली ती देव एक की तीन या वादाने नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न तिच्या मनात उभा राहिला आणि कुणाच्याही हातचं खायचं, असं तिने ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. म्हणजे आधी ताट बदललं, मग सिद्धान्त. ऑर आणि कायपर यांच्या मांडणीत क्रम नेमका उलटा असतो, आणि माझी तक्रार तिथंच आहे.

इथं एक सावधगिरी. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून प्रसिद्ध झालं, म्हणजे घटनेनंतर तीसपेक्षा जास्त वर्षांनी. शिवाय लक्ष्मीबाई विनोदी बाई, स्वतःची फजिती रंगवून सांगणाऱ्या. विन्स्लोही स्वतः मिशनरी होते. दोन्ही पुस्तकं पुरावा म्हणून वापरा, पण कोण, कधी, कुणासाठी लिहितंय ते आधी नोंदवा. पंडिता रमाबाईंची पत्रं या बाबतीत जास्त कामाची, कारण ती त्या त्या वेळची आहेत. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेली ही बाई चर्चच्या सिद्धान्तांवर आपल्या गुरुभगिनीशी भांडते, आणि तरी ख्रिस्ती राहते. मग सिद्धान्तांची यादी म्हणजेच दृष्टी, हे कसं मानायचं?

श्रद्धेने दृष्टी घडत नाही, असं मी म्हणत नाहीये. रमाबाईंनी बायबलचा मराठी अनुवाद मूळ भाषांवरून केला आणि साध्या बायांना कळेल अशी भाषा हुडकली. शब्द निवडतानासुद्धा ‘प्रत्येकाला किंमत आहे’ हे आतून काम करत होतं. श्रद्धा दृष्टी घडवते, पण ती शब्दांतून, ताटातून, कुणाला शेजारी बसू देता यातून. आणि जुनं सगळं पुसत नाही.

आमच्या प्रतापगडला महाशिवरात्रीला यात्रा भरते. महादेवाचं दर्शन झालं की लोक दर्ग्यावरही जातात. माझी आजी जायची. तिला ‘अंतिम सत्याविषयी तुमचं मत काय’ असं विचारलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं. पण नवस कुठं बोलायचा, कुठं फेडायचा, कुणाच्या घरचं पाणी प्यायचं, हे तिला बरोबर माहीत होतं. ‘हिंदू जीवनदृष्टी’च्या कुठल्या रकान्यात मी तिला बसवू?

तर माझं नवं प्रकरण असं झालं. ‘देवाविषयी तुमची श्रद्धा काय’ हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी तीन ठेवले: घरात मयत झाली तेव्हा काय काय केलं आणि काय मुद्दाम केलं नाही, मुलांची नावं कशी ठेवली, कुणाकडे जेवायला जाता आणि कोण तुमच्याकडे येतं. पहिल्याच मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नावर एक काका बराच वेळ गप्प बसले. मी रेकॉर्डर बंद केला. मग ते बोलायला लागले.