लोंगेवालाची जिवंत माणसे

मागल्या उन्हाळ्यात आमच्या संध्याकाळच्या शाळेतल्या मुलांना मी 'बॉर्डर' हा चित्रपट दाखवला. शेवटचे गाणे संपले, दिवा लागला, आणि सातवीतल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, खरं किती जवान मेले?" मी म्हणालो, "आपले दोन." त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "दोनच?"

त्या मुलाला मी दोष देत नाही. तीन तास आम्ही त्याला जे शिकवले त्याचेच उत्तर त्याने दिले होते. पण तो 'दोनच' माझ्या मनातून जाईना, म्हणून हा लेख.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो जत्रेतल्या तंबूत. १९९७ साल, मी त्याच वर्षी मॅट्रिक झालो होतो, आणि पुढे शिकणार नव्हतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून बरीच माणसे फौजेत जातात. तंबूत माझ्या पुढे दोन रजेवरचे जवान बसले होते. छावणीत घरची पत्रे येतात आणि सारे जवान मिळून गातात, ते जावेद अख्तर यांचे गाणे सुरू झाले तेव्हा त्यांतला एक उठून बाहेर गेला. तो बिडी ओढायला गेला असे तेव्हा मला वाटले होते. ज्या गाण्याने माणूस तंबूबाहेर जातो ते गाणे खरे असले पाहिजे, एवढे आता कळते. त्या गाण्याच्या शब्दांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. लढाईपेक्षा वाट पाहणे हेच फौजीच्या आयुष्यात अधिक असते, आणि दिग्दर्शक जे. पी. दत्ता यांनी चित्रपटाच्या पूर्वार्धात हे वाट पाहणे फार जिव्हाळ्याने दाखवले आहे. रजा मागणारा मथुरादास, लग्नाच्या रात्रीच निघालेला भैरोसिंग, आंधळ्या आईला मागे ठेवून आलेला धरमवीर, सर्वांना जेवू घालणारा स्वयंपाकी: ही माणसे आपल्याला घरातली वाटू लागतात. म्हणूनच उत्तरार्धात ती एकेक करून मरतात तेव्हा आपण रडतो.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. राजस्थानच्या वाळवंटात, जैसलमेर जिल्ह्यात लोंगेवाला हे ठाणे आहे. १९७१ च्या ४ डिसेंबरच्या रात्री तेथे पंजाब रेजिमेंटच्या २३ व्या पलटणीची एक कंपनी होती. माणसे सुमारे १२०. सोबत सीमा सुरक्षा दलाचे थोडे जवान आणि त्यांचे उंट. गस्तीवर गेलेल्या लेफ्टनंट धरमवीर भान यांनी सीमेपलीकडून येणारा रणगाड्यांचा घरघराट ऐकला. येत होते सुमारे २,००० सैनिक आणि चाळीसहून अधिक रणगाडे; त्यांना रामगढमार्गे जैसलमेर गाठायचे होते. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्यापुढे दोन मार्ग होते, ठाणे सोडून पायी मागे फिरणे किंवा तेथेच राहणे. जैसलमेरच्या विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता. मदत यायची ती उजाडल्यावर. चांदपुरींनी राहायचे ठरवले.

त्या रात्रीतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट ही की चालून आलेले रणगाडे काटेरी तारेपाशी थबकले. पुढे सुरुंग पेरले असतील अशी त्यांना शंका आली आणि ते शोधण्यात त्यांचा बहुमोल वेळ गेला. सुरुंग तेथे नव्हतेच. उंचवट्यावर बसलेले जवान हे पाहत होते, आणि आपल्यापुढे केवळ तार आहे हे त्यांना ठाऊक होते. पहाटे हंटर विमाने आली. उघड्या वाळूत रणगाड्यांना लपायला जागा नव्हती. तीसहून अधिक रणगाडे निकामी झाले किंवा टाकून द्यावे लागले. पायदळाने जिंकले की विमानांनी, हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. रात्र एकाने काढली आणि सकाळ दुसऱ्याने, असे माझ्यासारख्या मास्तराला वाटते. आपल्या बाजूचे दोन जवान पडले. काही उंट मेले. बाकीची माणसे जिवंत राहिली.

चित्रपटाला हे पुरेसे वाटले नाही. तेथे तारेपाशी थबकलेल्या त्या वेळेला फारशी जागा नाही. तेथे गर्जना आहेत, दोन्हीकडून शिव्याशाप आहेत, आणि रणगाड्यावर धावून जाणारी माणसे आहेत. मथुरादास मरतो, धरमवीर मरतो, स्वयंपाकी मरतो, भैरोसिंग मरतो.

यांतला भैरोसिंग हा कल्पित माणूस नव्हता. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंह राठोड त्या रात्री लोंगेवालाला होते. मशीनगन हाती घेऊन ते लढले, त्याबद्दल १९७२ साली त्यांना सेना पदक मिळाले, आणि नोकरी पुरी करून ते जोधपूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतले. चित्रपट आला तेव्हा ते हयात होते. पुढे पंचवीस वर्षे ते जगले. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्याला पडद्यावर मेलेले दाखवले याची खंत त्यांनी मुलाखतींतून बोलून दाखवली होती. लेफ्टनंट धरमवीर भान हेही त्या रात्रीतून सुखरूप बाहेर पडले होते.

कोणी म्हणेल, कलावंताला स्वातंत्र्य असते. इतिहास लिहिणे हे त्याचे काम नव्हे. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, तेव्हा हे स्वातंत्र्य मला नको असे मी कसे म्हणेन? पण एक गोष्ट पाहा. जैसलमेरच्या हवाई तळाचे प्रमुख विंग कमांडर बावा होते. चित्रपटात त्यांचे 'बाजवा' झाले. म्हणजे नाव बदलून मोकळे व्हायची वाट दिग्दर्शकाला माहीत होती. भैरोसिंगच्या बाबतीत त्याने नाव खरे ठेवले आणि मरण खोटे दिले. त्याला दोन्ही हवे होते, खऱ्या नावाचे वजन आणि कल्पित मृत्यूचे अश्रू. स्वातंत्र्य घ्यायचे तर त्याची किंमत लेखकाने द्यावी. येथे ती एका हयात माणसाने दिली.

हे मी एवढ्या ठामपणे लिहितो याला कारण आहे. हा गुन्हा मी स्वतः केला आहे. माझ्या पहिल्या कादंबरीत एक फौजी आहे. तो मी आमच्या आळीतल्या एका माणसावरून घेतला. त्याची चाल, त्याचे हसणे, त्याच्या बोलण्यातली सवय, सगळे जसेच्या तसे उचलले. आणि शेवटच्या प्रकरणात त्याला कारगिलच्या डोंगरावर मारला. खरा माणूस पेन्शन घेऊन घरी आला होता आणि दुधाचा धंदा करीत होता. कादंबरी छापून आली, चार चांगले अभिप्राय आले. त्या शेवटाने डोळे पाणावले असे लोकांनी कळवले. त्याच्या आईला वाचता येत नव्हते. नातीने तिला वाचून दाखवले. एका सकाळी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"मास्तर, माझ्या जित्या पोराला का मारलंस रं?"

मी म्हणालो, "मावशी, ती गोष्ट आहे."

ती म्हणाली, "मग गोष्टीत त्यो घरी का आला न्हाई?"

मला उत्तर सुचले नाही. खरे उत्तर लाजिरवाणे होते. घरी आलेल्या फौजीचे काय करायचे हे मला कळले नव्हते. तो सकाळी उठतो, म्हशीचे दूध काढतो, रात्री दचकून जागा होतो, आणि कोणाला काही सांगत नाही. हे लिहायला अवघड होते. मरण लिहायला सोपे होते, म्हणून मी त्याला मारला.

दत्तांचे कारण माझ्याइतके हलके नव्हते, हे मला मान्य आहे. त्यांचे बंधू दीपक दत्ता हवाई दलात वैमानिक होते. १९८७ साली विमान अपघातात ते गेले. चित्रपट त्यांनाच अर्पण केला आहे. चित्रपटाचे संवाद लिहिले आहेत या दोघांचे वडील ओ. पी. दत्ता यांनी. ज्या घरातला मुलगा परत आला नाही त्या घराने हा चित्रपट केला. त्यांना लोंगेवालाच्या प्रत्येक जवानात तोच दिसला असेल तर त्यात नवल नाही. आणि शेवटी, वाळूतल्या प्रेतांवरून जेव्हा हरिहरन यांच्या आवाजातले गाणे शत्रूलाही भाऊ म्हणते, तेव्हा आधीच्या साऱ्या गर्जना खोट्या ठरतात. ते गाणे शोक करणाऱ्या घरातून आलेले आहे. मला चित्रपटातली ती सर्वांत खरी जागा वाटते.

तरीही शोकाला आपले मृत आपणच निवडावे लागतात. दुसऱ्याच्या घरातून आणता येत नाहीत. १९६४ साली चेतन आनंद यांनी 'हकीकत' केला, तो १९६२ च्या लडाखमधल्या पराभवावर. त्यातही माणसे एकेक करून पडतात, पण तेथे चित्रपटाने मरण उसने आणलेले नाही. त्या युद्धात १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांच्या कंपनीतले सुमारे १२० पैकी ११४ जण पडले होते. लोंगेवालालाही सुमारे १२० च माणसे होती. एका ठिकाणी जवळजवळ सगळी गेली, दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ सगळी परतली. राहण्याचा निर्णय दोन्हीकडे सारखाच होता. एकाच मापाने दोन्ही रात्री मोजल्या तर रेझांग लाचा मान वाढत नाही, आणि लोंगेवालाचा मात्र कमी होतो. मेलेल्यांना आपण हुतात्मा म्हणतो. परत आलेल्यांसाठी आपल्याकडे तसा शब्द नाही, आणि तो शोधण्याचे काम आम्हा लिहिणाऱ्यांचे होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मुलगा पुन्हा आला. मी त्याला फळ्यावर ठाणे काढून दाखवले, उंचवटा काढला, तार काढली, अलीकडे १२० माणसे आणि पलीकडे रणगाडे. रात्रभर ती माणसे येथून हलली नाहीत, असे सांगितले. तो बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला.

"मग बाकीचे कुठं गेले, गुरुजी?"

"घरी गेले," मी म्हणालो.

त्यावर त्याने विचारले की जे उंट वाचले त्यांचे पुढे काय झाले.