अग्रलेख, रोजनिशी आणि आत्मचरित्र : आयडा बी. वेल्स

एखाद्या संपादकाचे वाङ्मयीन मूल्यमापन करावयाचे तर त्याच्या पत्राच्या फायली समोर असाव्या लागतात. आयडा बी. वेल्स (१८६२–१९३१) या कृष्णवर्णीय अमेरिकन संपादिकेच्या बाबतीत समीक्षकाला ती सोय नाही. मेंफिस शहरातून निघणाऱ्या ज्या ‘फ्री स्पीच’ पत्राने त्यांचे नाव झाले, त्याचे अंक आज उपलब्ध नाहीत. त्यातील ज्या स्फुटावरून छापखाना उद्ध्वस्त झाला ते स्फुटही आपल्यापर्यंत पोहोचते ते दोन वाटांनी : विरोधी पत्रांनी संतापून केलेल्या पुनर्मुद्रणातून आणि वेल्स यांनी स्वतः पुढे आपल्या पुस्तिकेत दिलेल्या पाठातून. आपल्याकडे ‘दीनबंधू’चे जुने अंक असेच दुर्मीळ आहेत, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पतीच्या निधनानंतर ते पत्र चालविणाऱ्या तानुबाई बिर्जे यांच्याविषयी लिहितानाही अभ्यासकाला हीच अडचण येते. ज्यांच्या हाती सत्ता नसते त्यांच्या पत्रांच्या फायली सहसा कोणी बांधून ठेवत नाही.

वेल्स यांचा जन्म मिसिसिपीतील होली स्प्रिंग्ज येथे गुलामगिरीतच झाला. १८७८च्या पीतज्वराच्या साथीत आईवडील गेले आणि सोळाव्या वर्षी भावंडांचा भार अंगावर पडला. त्यांनी शिक्षिकेची नोकरी धरली. १८८३मध्ये रेल्वेच्या स्त्रियांसाठी राखलेल्या डब्यातून त्यांना बळाने उतरविण्यात आले, तेव्हा त्यांनी कंपनीवर दावा लावला. १८८४च्या अखेरीस ५०० डॉलरांची भरपाई मंजूर झाली. १८८७मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि बाईंचा हेतू प्रवासाचा नसून कंपनीला त्रास देण्याचा होता, असा शेरा मारला. चरित्रकार या प्रकरणाकडे धैर्याचा प्रसंग म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यात त्यांच्या गद्यशैलीचे मूळ दिसते. आपण स्वतः दिलेली साक्ष, ती कितीही खरी असली तरी, या व्यवस्थेत साक्ष ठरत नाही, हा धडा त्यांना तेथे मिळाला. पुढील सर्व लेखनात त्यांनी साक्षीदार म्हणून प्रतिपक्षालाच उभे केले.

१८८९मध्ये त्या ‘फ्री स्पीच अँड हेडलाइट’ या पत्रात आल्या. दोघा पुरुष भागीदारांच्या बरोबरीचा हिस्सा मिळणार असेल तरच येईन, ही त्यांची अट होती. एक तृतीयांश हिस्सा विकत घेऊन त्या संपादिका झाल्या. पुढे एक भागीदार बाहेर पडल्यावर मालकी निम्मी झाली. ही अट मला फार महत्त्वाची वाटते. त्या काळात वृत्तपत्रांतून लिहिणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या, ‘आयोला’ या टोपणनावाने वेल्सही लिहीत. पण मजकूर पाठविणे निराळे आणि काय छापावयाचे हे ठरविण्याचा अधिकार निराळा. या अधिकाराची किंमत लवकरच द्यावी लागली. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांची दुरवस्था आणि तेथील नेमणुका यांवर त्यांनी टीका छापली आणि १८९१मध्ये त्यांची शिक्षिकेची नोकरी गेली. त्यानंतर त्या मिसिसिपीच्या खोऱ्यातून वर्गणीदार जमवीत हिंडल्या. अंक गुलाबी कागदावर छापला जाई. निरक्षर गिऱ्हाइकाच्या हाती विक्रेते भलतेच पत्र देत. रंग ओळखून त्याने आपले पत्र मागावे, ही त्यामागील योजना. ज्याला वाचता येत नाही तोही आपला वाचक आहे, हे गृहीत धरून चालणारे संपादन वृत्तपत्रांच्या इतिहासात विरळाच आढळते.

९ मार्च १८९२ रोजी मेंफिसमध्ये टॉमस मॉस, कॅल्व्हिन मॅकडॉवेल आणि विल स्ट्युअर्ट या तिघांना जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन ठार केले. त्यांचे किराणा दुकान एका गौरवर्णीय दुकानदाराच्या धंद्याला जड जात होते. मॉस हे वेल्स यांचे स्नेही. त्यांच्या मुलीच्या त्या धर्ममाता होत्या. ‘लिंचिंग’ म्हणजे स्त्रीवरील अत्याचाराने खवळलेल्या समाजाने दिलेली शिक्षा, हे समर्थन तोवर त्यांनाही काहीसे पटत असे, असे त्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगतात. येथे स्त्रीचा प्रश्नच नव्हता, दुकानाचा होता. ‘फ्री स्पीच’ने वाचकांना शहर सोडून पश्चिमेकडे जाण्याचा सल्ला दिला, ट्रामगाड्या ओस पडू लागल्या. कंपनीचे अधिकारी उतारूंना समजवा म्हणून पत्राच्या कचेरीत आले, तर संपादिकेने त्यांच्याशी झालेले संभाषणच छापून टाकले. या प्रसंगाचे कथन आत्मचरित्रातील उत्कृष्ट पृष्ठांत मोडते. त्यात एकही विशेषण वाया गेलेले नाही.

२१ मेच्या अंकात अत्याचाराच्या आरोपांवर शंका घेणारे ते स्फुट आले. वेल्स त्या वेळी शहराबाहेर होत्या. २७ मे रोजी कचेरीची मोडतोड झाली. परत आल्यास जीव जाईल, असे निरोप आले. स्फुटावर नाव नव्हते, आणि एका गौरवर्णीय पत्राने लेखक पुरुषच असणार असे धरून त्याला कोणती शारीरिक शिक्षा द्यावी तेही सुचविले. बाईच्या लेखणीतून असे काही उतरू शकते, ही कल्पनाच धमकी देणाऱ्यांना शिवली नाही.

न्यूयॉर्कमध्ये ‘एज’ पत्राच्या आधाराने त्यांनी पुन्हा लेखन आरंभिले. ‘सदर्न हॉरर्स’ (१८९२) आणि ‘द रेड रेकॉर्ड’ (१८९५) या पुस्तिका या काळातील आहेत. साहित्याचे विद्यार्थी मला विचारतात, ‘‘याला साहित्य म्हणावे काय? ही तर याद्यांची पुस्तके.’’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला भाबडे उत्तर देऊ नये. ‘द रेड रेकॉर्ड’मध्ये नावे, स्थळे, तारखा, आरोप यांच्या याद्या आहेत; त्यांतील आकडे ‘शिकागो ट्रिब्यून’ने, म्हणजे गौरवर्णीयांच्याच पत्राने, जमविलेले. वेल्स त्यांची आरोपांनुसार वर्गवारी करतात, आणि ज्या आरोपाचा डांगोरा पिटला जातो तो या यादीत किती थोड्या ठिकाणी आहे हे वाचकाच्या लक्षात येऊ लागते. संताप व्यक्त करण्याचे काम लेखिकेने रचनेवर सोपविले आहे. क्रम, पुनरुक्ती, मौन ही जर वाङ्मयीन साधने असतील तर ती येथे पूर्ण जाणिवेने वापरली आहेत. मात्र प्रत्येक पृष्ठ या उंचीवर राहत नाही, हेही खरे. काही ठिकाणी वृत्तपत्रीय घाई उघडी पडते.

१८९३ आणि १८९४मध्ये त्या ब्रिटनमध्ये व्याख्यानांसाठी गेल्या. पहिल्या दौऱ्याच्या निमंत्रणामागे कॅथरिन इम्पी होत्या, आणि त्यांच्या नियतकालिकाचे नाव होते ‘अँटी-कास्ट’. वर्णभेदाला नाव देण्यासाठी ‘जात’ हा शब्द तेथे वापरला गेला, हे मराठी वाचकाने नोंदवून ठेवावे. जोतीराव फुले यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली होती. वीस वर्षांनी त्या मुक्त झालेल्यांचे पुढे काय चालले आहे हे एक बाई सांगत होती, आणि ते ऐकविण्यासाठी तिला जातीचा शब्द उसना घेतलेल्या व्यासपीठावर उभे राहावे लागले.

१८९५मध्ये शिकागोचे वकील व ‘कॉन्झर्व्हेटर’चे संस्थापक फर्डिनंड बार्नेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला, ते पत्र विकत घेऊन लग्नाच्या आठवड्याभरात त्या कचेरीत बसू लागल्या. १८९७मध्ये, दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर, त्यांनी ते सोडले.

‘क्रुसेड फॉर जस्टिस’ हे आत्मचरित्र त्यांनी आयुष्याच्या अखेरीस लिहावयास घेतले. कन्या अल्फ्रेडा डस्टर यांच्या संपादनाखाली ते १९७०मध्ये प्रसिद्ध झाले. रमाबाई रानडे यांच्या १९१०च्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ किंवा लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ यांवर पोसलेल्या वाचकाला हे पुस्तक प्रथम कोरडे वाटेल. तेथे पती हा कथनाचा मध्यबिंदू आहे आणि संसार ही रंगभूमी; येथे पती आदराने येतो आणि कामाला लागतो. वेल्स यांना लक्ष्मीबाईंचा विनोद साधत नाही. उत्तरार्धात सभा, ठराव, संस्थांतील रुसवेफुगवे यांचे तपशील इतके येतात की आपल्यावर अन्याय झाला हे सिद्ध करण्याची वकिली तेवढी जाणवते. आजवर या लेखिकेविषयी जे गौरवपर लिहिले गेले, विशेषतः २०२०मध्ये त्यांना मरणोत्तर विशेष पुलित्झर सन्मान मिळाल्यानंतर, त्यात हा दोष सहसा सांगितला जात नाही. तो सांगितला पाहिजे, कारण त्याचे कारणही पुस्तकातच आहे. ज्या चळवळीचा आरंभ त्यांनी केला तिच्या इतिहासातून आपले नाव गळत आहे हे त्या जिवंतपणी पाहत होत्या. त्या स्वतःचीच फाइल बांधीत होत्या. ती पुरी झाली नाही. हस्तलिखित वाक्याच्या मध्येच तुटते, आणि कन्येने ते वाक्य जुळवून न घेता तसेच ठेवले आहे.

अभ्यासकाने आरंभ आत्मचरित्रापासून करू नये. १८८५ ते १८८७ या काळातील त्यांची मेंफिसमधील रोजनिशी १९९५मध्ये प्रकाशित झाली आहे. ती आधी वाचावी. तेथे कपड्यांपायी झालेली उधारी आहे, लग्नाळू तरुणांशी चाललेला पत्रव्यवहार आहे, स्वतःच्या तापट स्वभावाविषयीची कुरकुर आहे, आणि शाळेत शिकविण्याचा कंटाळा आहे.