प्राचीन वस्त्रालंकार आणि परदेशी व्यापार : शिरवळच्या निमित्तानें

डॉ. मोतीचंद्र यांच्या ‘प्राचीन भारतीय वेशभूषा’ (१९५०) व ‘सार्थवाह’ (१९५३) या हिंदी ग्रंथांचे प्राचीन वस्तूंच्या अभ्यासकांवर मोठे उपकार आहेत. पहिल्यांत वाङ्मय व शिल्प यांच्या आधारें वेषाची, तर दुसऱ्यांत व्यापारमार्गांची मांडणी आहे. परंतु हे दोन विषय जोडतांना आपल्याकडे एक घाई होते, ती आम्हांस मान्य नाहीं. व्यापारी वाटेवर लेणें आढळलें, कीं त्या वाटेनें परदेशी अलंकारही आले असलेच पाहिजेत, असें धरून चालण्याचा प्रघात पडला आहे.

शिरवळचेंच उदाहरण घेऊं. नीरेच्या खोऱ्यांतील हीं बौद्ध लेणीं अगदीं साधीं आहेत. चैत्यगृह आहे, भिक्षूंच्या खोल्या आहेत. पण कार्ल्यासारखें, वेषभूषा सांगणारें शिल्पवैभव येथें नाहीं. तेव्हां तत्कालीन शिरवळकर काय नेसत व काय लेत, हें केवळ लेण्यांवरून ठरत नाहीं.

मग ‘पेरिप्लस’चा आधार पुढें येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील या ग्रीक ग्रंथांत भडोचला उतरणाऱ्या मालांत पोंवळीं, कांच, वस्त्रें आणि हातभर रुंदीचे रंगीत कमरपट्टे नमूद आहेत. पैठणाहून अकीक जातीचा दगड, तगर म्हणजे तेर येथून साधें कापड व मलमल भडोचकडे जात असे. परंतु ही मालाची यादी आहे, अंगावरील पोषाखाची नव्हे. कार्ल्याच्या एखाद्या मूर्तीच्या कमरेस शेला दिसला, म्हणून तो भडोचला उतरलेलाच, असें कसें म्हणावें? त्याच लेण्यांत धेनुकाकटाच्या यवनांनीं खांब दिल्याचे लेख आहेत. त्यांतील एकाचें नांव सिहधय असें भारतीय वळणाचें आहे. पण त्याचा वेष कोणता होता, हें लेख सांगत नाहीं.

खरा पुरावा वस्तूंचा. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ति व रोमी बनावटीचा आरसा मिळाला. त्याहून बोलका पुरावा तेर येथील मातीच्या पदकांचा आहे. रोमी नाण्यांच्या छापाचीं हीं पदकें अडकविण्याची सोय असलेलीं आहेत. अशींच तेलंगणांत कोंडापूर येथेंही सांपडलीं. परदेशी नाणें येथें नुसतें खर्चलें गेलें नाहीं; त्याची नक्कल मातींत उतरून तिचा दागिना झाला. व्यापाराचा ठसा आयात मालापेक्षां अशा अनुकरणांत अधिक शोधावा, असें आमचें मत आहे.

हें कळलें तें पदकें कोठें मिळालीं हें ठाऊक असल्यामुळें. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहांतून तेरचें शासकीय संग्रहालय उभें राहिलें. त्या वस्तूंचें मोल त्या तेरच्या आहेत यांत आहे. अकीकाचे मणी खंबायतेस आजही घडतात. नुसत्या रूपावरून त्यांचें वय सांगणें धोक्याचें. म्हणून संग्राहकांस आमची विनंती, कीं नीरेकांठीं एखादा मणी हातीं आल्यास गांव, शेत, खोली व दिनांक आधीं लिहावा, आणि निरनिराळ्या ठिकाणचे मणी एका माळेंत ओंवूं नयेत. अशी माळ सुंदर दिसेल; परंतु इतिहासास तिचा कांहींच उपयोग होणार नाहीं.