तेरावी मोट

एखादा अनोळखी म्हातारा नकाशा घेऊन आला आणि म्हणाला, "बाबांनो, पलीकडच्या डोंगरात खजिना आहे, तेवढा घेऊन या," तर आमच्या साताऱ्यात त्याला पहिला प्रश्न येईल, "जमीन कुणाच्या नावावर आहे?" सांगलीकर दुसरा विचारील, "आजोबा, मग तुम्हीच का न्हाई आणला?"

या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय कोणतीही साहसकथा पुढे सरकू नये, असं माझं मत आहे. पण सांगलीचा माझा भाचा आणि त्याची मित्रमंडळी दर रविवारी टेबलाभोवती बसून जो खेळ खेळतात, त्यात हाच म्हातारा दर खेपेला हजर! खेळ अमेरिकेतला, १९७४ सालचा, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे आपापलं सोंग घेऊन "मी दार फोडतो", "मी पळतो" असं जाहीर करतात. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्टीत शिरायला लावणारं जे पहिलं आमिष, त्याला ही मंडळी म्हणतात 'हूक'. म्हणजे आपला गळ.

माझी तक्रार आहे ती या गळाबद्दल. बहुतेक गळ समोरचा मासा न बघताच टाकलेले असतात. नकाशा, खजिना, नाहीतर पळवलेली राजकन्या. खेळाडू निमूटपणे निघतात, कारण न निघावं तर रविवार फुकट जातो. याला गळ म्हणत नाहीत, बखोट धरणं म्हणतात.

खरं तर सांगलीच्या पोरांनी हे अमेरिकेकडून शिकायचं कारण नाही. १८४३ साली पटवर्धन सरकारांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा सूत्रधार प्रसंग गाऊन सांगायचा आणि पात्रं आपली भाषणं आयत्या वेळी जुळवायची. सूत्रधारानं तोंड मिटलं की पात्राला तोंड फुटायचं! आणि विषय तरी कसा? भर सभेत धनुष्य ठेवलंय. 'ऊठ' असं कुणी कुणाला म्हणत नाही. ज्याला त्याला वाटतं, आपल्याला जमेल. रावण धनुष्य छातीवर घेऊन आडवा होतो, तोसुद्धा स्वतःच्या हौसेनं.

गळ असा हवा. हुकूम नको, कोडं हवं. आणि ते ज्याला त्याला आपापल्या जागी खाजवलं पाहिजे.

साताऱ्याजवळ लिंब गावी शाहू महाराजांच्या काळातली विहीर आहे. विहिरीच्या पोटात चक्क महाल. वर बारा मोटा चालायच्या, म्हणून नाव बारा मोटेची विहीर. आता खेळाडूंना एवढंच सांगायचं, "हल्ली रात्री मोटांची कुरकुर ऐकू येते. गावकऱ्यांनी मोजल्या. तेरा भरल्या." आणि गप्प बसायचं. चोराचं सोंग घेतलेला विचारील, महालात कोण आहे? वैद्य म्हणेल, एवढं पाणी चाललंय कुठं? भित्रा म्हणेल, पुन्हा मोजा. तिघंही निघाले की नाही विहिरीकडे? आणि तिघं तीन कारणांनी!

हे सगळं मी भाच्याला समजावून दिलं. सूत्रधारानं चाळीस पानं लिहून आणू नयेत, खेळाडूंना बोलायला जागा ठेवावी, वगैरे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते सगळं खरं मामा, पण तेरावी मोट कुणाची?"

मला काय ठाऊक! ठाऊक असतं तर मी कादंबरी लिहिली नसती?